दोन चंद्र

दोन वर्षांपूर्वीं मार्गशीर्षांतल्या संकष्टीच्या रात्रीं पनवेलच्या आकाशांत आम्हांस दोन चंद्र दिसले. हें वाचून वाचकांनीं हंसूं नये. हंसण्याचें काम आमच्या घरच्या मंडळींनीं त्याच वेळीं यथास्थित उरकून घेतलें आहे. दिवसभराचा उपास, स्वयंपाकघरांत मोदक उकडून तयार, सूनबाईंनीं अर्घ्याचें ताम्हन गच्चीवर आणून ठेविलेलें, नातवंडें "आला, आला" म्हणून ओरडत असलेलीं. आम्ही मान वर करून पाहतों तों नव्या इमारतींच्या माथ्यावरून एक चंद्र वर येत आहे, आणि त्याच्या उजव्या अंगास हातभर अंतरावर तसाच दुसरा!

"अगो, आज दोन कसे?" आमच्या तोंडून निघून गेलें.

"उपास झेपत नसेल तर धरूं नये," असा कुटुंबानें निकाल दिला. धाकटे बंधु बँकेंतून निवृत्त झालेले. हिशेबाची संवय जात नाहीं. ते म्हणाले, "दादा, अर्घ्य दोघांनाहि द्या, नाहीं तर एक रुसायचा." सर्वांबरोबर आम्हीहि हंसलों, अर्घ्य दिलें आणि जेवावयास बसलों. पानांतले मोदक मात्र जितके वाढले होते तितकेच दिसले. तेव्हां डोळ्यांत कांहीं दोष नसावा असें आम्हीं मनाशीं ठरवून टाकलें. हा तर्क किती लंगडा होता तें पुढें येईलच.

संस्कृत शिकलेल्या मनुष्यास एक खोड असते. कोणतीहि आपत्ति आली कीं ती पूर्वीं कोणत्या ग्रंथांत येऊन गेली आहे, हें तो आधीं शोधूं लागतो. दोन चंद्र हें तर आमच्या दर्शनकारांचें अगदीं ठरीव उदाहरण. शंकराचार्यांनीं ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभीं अध्यास म्हणजे काय हें सांगतांना दोन लौकिक दाखले दिले आहेत. एक शिंपल्यावर होणारा रुप्याचा भास, व दुसरा एकच चंद्र दोन दिसणें. बौद्ध नैयायिकांनाहि हा द्विचंद्र फार प्रिय. पाठशाळेंत सतराव्या वर्षीं घोकलेलें तें उदाहरण पन्नास वर्षांनीं आपल्या स्वतःच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें, याची त्या रात्रीं भीति वाटण्याऐवजीं आम्हांस एक प्रकारची ऐटच वाटली. सुश्रुतानेंहि उत्तरतंत्रांत तिमिराचें वर्णन करतांना, दोष दृष्टीच्या मध्यावर येऊन बसला म्हणजे एक वस्तु दोन दिसते, असें सांगितलें आहे. तेव्हां हें तिमिर, म्हणजे मोतिबिंदूची सुरुवात, असें निदान करून आम्ही स्वस्थ झोंपी गेलों.

दुसरे दिवशीं एका चष्म्याच्या दुकानदारानें नंबर बदलला असल्याचें सांगून नवी भिंगें करून दिलीं. नव्या चष्म्यांतून दोन वस्तु अधिक स्पष्ट दिसूं लागल्या, एवढाच काय तो फरक. चौथे दिवशीं भाजी घेऊन येतांना रस्त्यावर दोन रिक्षा आमच्या अंगावर आल्या. आम्हीं त्यांतली एक चुकविली. ती नेमकी खोटी निघाली. खरीच्या चालकानें वेळीं ब्रेक दाबला व आमच्या वयास न शोभणारे दोन शब्द ऐकविले. कोपरास खरचटलें, मेथी रस्त्यावर पसरली. संध्याकाळीं चिरंजीवांनीं आमचें तत्त्वज्ञान बाजूस ठेवून आम्हांस नेत्ररुग्णालयांत नेलें.

या बाबतींत आमचें गांव भाग्यवान् म्हटलें पाहिजे. पनवेल हें पूर्वींपासून औषधांचें गांव. कृष्णशास्त्री पुराणिकांनीं १८७२ सालीं येथेंच धूतपापेश्वराचा कारखाना काढला. आतां डोळ्यांसाठीं म्हणाल तर डॉ. सुहास हळदीपूरकरांचें लक्ष्मी नेत्ररुग्णालय जुन्या पनवेलींत आहे, नवीन पनवेलींत शंकरा नेत्ररुग्णालय आहे, आणि रायगड जिल्ह्यांतल्या खेड्यापाड्यांतून माणसें डोळ्यांवर हिरवा पडदा बांधून येथून परत जातांना आम्ही नेहमीं पाहतों. आम्ही गेलों तेथें एक तरुण डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. आमच्या पुतणीच्या वयाच्या. अक्षरांच्या पाटीकडे आम्हांस पाहावयास लावण्यापूर्वीं त्यांनीं एकच प्रश्न विचारला.

"काका, एक डोळा मिटल्यावर चंद्र किती दिसतात?"

आम्ही निरुत्तर झालों. पस्तीस वर्षें मुलांस अन्वय-व्यतिरेक शिकविणारा मनुष्य. पण चार दिवसांत एकदांहि एक डोळा मिटून पाहण्याचें आम्हांस सुचलें नव्हतें. तेथेंच समोरच्या दिव्याकडे पाहिलें. उजवा मिटला, एक दिवा. डावा मिटला, एक दिवा. दोन्ही उघडले कीं दोन. बाई म्हणाल्या, "मग हा मोतिबिंदु नव्हे." मोतिबिंदूमुळें दोन दिसत असतील तर ते एकाच डोळ्यास दिसतात, दुसरा झांकला तरी जात नाहींत. दोन्ही डोळे उघडे असतांनाच दोन दिसणें म्हणजे डोळे निर्दोष, पण त्यांची जोडी फुटली. सुश्रुताचा तिमिरी आणि आम्ही हे दोन वेगळे रोगी होते. शंकराचार्यांच्या उदाहरणांतला मनुष्य यांपैकीं कोणता, हें त्यांनीं एक डोळा मिटावयास सांगितलें असतें तरच कळतें.

मग त्यांनीं खोलींतला उजेड मंद केला व हातांत एक लहानशी बॅटरी घेतली. आम्हांस वाटलें, एवढें मोठें यंत्र शेजारीं असतां हें खेळणें कशास? परंतु पुढच्या पांच मिनिटांत त्या खेळण्यानें जें पाहिलें तें कळल्यावर आमच्या मनांत त्याविषयीं आदर उत्पन्न झाला.

डोळ्याच्या मध्यावरील काळ्या ठिपक्यास आपण बाहुली म्हणतों. दुसऱ्याच्या डोळ्यांत पाहूं गेलें असतां तेथें आपलीच इवलीशी प्रतिमा दिसते, म्हणून ती बाहुली. संस्कृतांत तिला कनीनिका म्हणतात, म्हणजे लहान मुलगी. लॅटिन भाषेंतहि तिचें नांव लहान मुलगी किंवा बाहुली या अर्थाचेंच आहे आणि ग्रीकांतहि तसेंच. इतक्या दूरदूरच्या लोकांना एकमेकांच्या डोळ्यांत पाहून एकच गोष्ट सुचावी, याची आम्हांस मोठी गंमत वाटते. असो. या बाहुलीवर उजेड पडला कीं ती आकसते, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, उजेड एका डोळ्यावर टाकला तरी आकसतात दोन्ही. उजेडाची वर्दी दृष्टीच्या मज्जातंतूनें मेंदूच्या मध्यभागांत पोहोंचते. तेथें ती उजव्या व डाव्या अशा दोन्ही ठाण्यांस एकदम कळते. आणि तेथून तिसऱ्या मज्जातंतूच्या जोडीनें "दारें ओढून घ्या" असा हुकूम दोन्ही बाहुल्यांकडे सुटतो. पुढच्या दारीं पाहुणा आला कीं माजघर व परसूं दोहोंकडे वर्दी जावी, तसेंच हें. यांत आपली इच्छा कोणी विचारीत नाहीं. म्हणूनच या क्रियेस प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. आणि रोगी बेशुद्ध असो, तान्हें मूल असो, कीं आमच्यासारखा मध्यें मध्यें बोलणारा म्हातारा असो, ती खोटें सांगत नाहीं.

बॅटरी या डोळ्यावरून त्या डोळ्यावर अशी झुलवितात. एका डोळ्याचा मज्जातंतु आजारी असेल तर उजेड त्याच्यावर येतांच बाहुली आकसण्याऐवजीं उलट सैल होते, आणि दृष्टीचा मज्जातंतु सुजला आहे हें कोणत्याहि यंत्रावांचून कळतें. बाहुल्या लहानमोठ्या असल्या तर वेगळा अर्थ. एक पापणी एकाएकीं खालीं पडली, तो डोळा बाहेरच्या अंगास सरकला, त्याची बाहुली मोठी होऊन उजेडानें हलेनाशी झाली आणि डोकें असह्य दुखूं लागलें, तर मेंदूंतल्या रक्तवाहिनीस आलेला फुगा तिसऱ्या मज्जातंतूवर दाबत असण्याचा संभव असतो. तेथें उद्यांवर ढकलून चालत नाहीं. त्याच घटकेस मोठें रुग्णालय गांठावें लागतें. बाहुलीचे तंतु त्या दोरीच्या बाहेरच्या अंगास असतात, म्हणून बाहेरून दाब आला कीं आधीं तेच चेंगरतात. मधुमेहांत दोरीच्या आंतला गाभा उपाशी राहतो. तेथें डोळा वळत नाहीं, पण बाहुली बहुधा शाबूत राहते. एवढा फरक एका बॅटरीनें समजतो.

आमच्या दोन्ही बाहुल्या सारख्या होत्या. बाईंनीं आपलें बोट डोळ्यांपुढें सर्व दिशांस फिरविलें तेव्हां मात्र चोर सांपडला. उजवा डोळा उजवीकडे मध्याच्या पलीकडे जाईना. प्रत्येक डोळा वळविण्यास सहा स्नायु असतात. त्यांपैकीं बाहेरच्या बाजूस ओढणारा जो एक, त्याच्याकडे मेंदूंतून येणारा सहावा मज्जातंतु रुसला होता. दूर पाहतांना दोन्ही डोळे समांतर ठेवावे लागतात, म्हणून चंद्र दोन. जवळ पाहतांना ते आंतच वळतात, बाहेरच्या स्नायूवर काम पडत नाहीं, म्हणून मोदक जितक्यास तितके. मान उजवीकडे वळवून तिरकें पाहिलें तर दोन्ही दिवे एकमेकांजवळ येत. आणि खरोखरच चार दिवस आम्ही तसेच मान वांकडी करून बसत होतों. घरांत कोणी म्हटलें, मान आंखडली आहे, तेल लावा.

मग प्रश्नांची सरबत्ती झाली. कानशिलांत दुखतें काय? घांस चावतांना जबडा भरून येतो काय? साठीच्या पुढें शिरेच्या एका दाहांत असें होतें व तिकडे दुर्लक्ष केल्यास दृष्टि जाते. डोकें दुखून सकाळीं ओकारी येते काय? मेंदूंतील दाब वाढला तरी हाच सहावा मज्जातंतु पहिल्यांदा अडतो, कारण त्याची वाट लांबची व अडचणीची. आणि शेवटीं, साखर कधीं तपासली होती? येथें आम्हीं मान खालीं घातली. पुरणपोळीच्या बाबतींत आमचें आचरण शास्त्रशुद्ध नव्हतें.

बाहुल्यांची नोंद पुरी झाल्यावरच त्यांनीं डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घातले. हा क्रम महत्त्वाचा. आधीं थेंब घातले तर बाहुली जें सांगणार तें पुसलें जातें. तशा थेंबांची ओळख आमच्या घरास पूर्वींच झाली होती. एका महाशिवरात्रीस पुतण्याची मुलगी धोतऱ्याचीं फुलें परडींत भरीत होती. त्याच हातानें तिनें एक डोळा चोळला. दुपारीं पाहतों तों एक बाहुली नेहमींएवढी, दुसरी अधेलीएवढी. घरांत रडारड झाली, कोणी मीठमोहऱ्या ओंवाळल्या. धोतऱ्याचा रस बाहुली आकसविणाऱ्या स्नायूस झोंपवितो. एकदोन दिवसांत तिची बाहुली आपोआप ताळ्यावर आली. धोतऱ्याच्या फुलांस हात लावल्यावर हात धुवावे, एवढी शिस्त तेव्हांपासून घरांत लागली.

येथें वाचकांस एक प्रयोग सांगावासा वाटतो. हें मासिक हातांत स्थिर धरून डोकें भरभर उजवीकडे डावीकडे हलवा व वाचा. अक्षरें जागच्या जागीं राहतील. आतां डोकें स्थिर ठेवून मासिक त्याच वेगानें हलवा. एक अक्षर लागावयाचें नाहीं. हलणें तेंच, मग फरक कां? कानाच्या आंत तोल सांभाळणारें जें यंत्र आहे तें डोकें हललें कीं डोळ्यांच्या स्नायूंस लगेच उलट दिशेनें वळावयास सांगतें. सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास हें काम उरकतें. मासिक हललें तर कानास त्याची वर्दी कशी मिळावी? बेशुद्ध मनुष्याचें डोकें हळूच वळवून डॉक्टर त्याचे डोळे पाहतात तें याचसाठीं. कापसाची वात बुबुळास लावतांच दोन्ही पापण्या मिटतात, तीहि एक अशीच क्रिया. पांचव्या मज्जातंतूनें वर्दी जाते, सातव्यानें हुकूम येतो. तोंड वांकडें होतें त्या विकारांत हा सातवाच निकामी झालेला असतो. मग डोळा मिटत नाहीं व रात्रीं उघडा राहून कोरडा पडतो. म्हणून तेथें तोंडापेक्षां डोळ्यास अधिक जपावें. मेंदूंतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकीं सात या ना त्या रीतीनें डोळ्यांच्या चाकरींत आहेत, हें ऐकून आम्ही थक्क झालों. पुराणांत निमि राजास सर्व प्राण्यांच्या पापण्यांवर वास मिळाला अशी कथा आहे. आणि नेत्रवैद्यकाचा आद्य आचार्य म्हणूनहि आयुर्वेदांत विदेहाधिपति निमीचेंच नांव सांगतात. दमयंतीनें स्वयंवरांत नळ ओळखला तो पापणी लवण्यावरून. देवांची लवत नव्हती. आतां आम्हांस वाटतें, त्या मुलीनें प्रतिक्षिप्त क्रियेचीच परीक्षा घेतली. उजवा डोळा फडफडला, डावा फडफडला, म्हणून शकुन पाहणाऱ्या मंडळींस मात्र बाईंनीं सांगितलें कीं झोंप वाढवा व चहा कमी करा.

थेंब घालून आम्हांस बाहेरच्या बांकावर बसविलें. उजव्या डोळ्यावर हात धरून आम्ही बसलों असतां समोर एक दहाबारा वर्षांची मुलगी व तिची आई बसली होती. मुलीची डावी पापणी अर्ध्याहून खालीं आली होती. हनुवटी वर करून ती खालच्या फटींतून पाहत होती. आंतून एक परिचारिका रुमालांत बर्फ गुंडाळून घेऊन आली व तिनें तो मिटलेल्या पापणीवर धरला. दोनच मिनिटें. बर्फ काढला तों पापणी वर! डोळा टपोरा उघडा. आईच्या डोळ्यांस पाणी आलें. ती आम्हांस सांगूं लागली, "सकाळीं अगदीं चांगली असते हो. दुपार झाली कीं पापणी पडते. शाळेंत बाई म्हणतात, झोंपाळू आहे. संध्याकाळीं म्हणते, आई, मला दोन दोन दिसतें."

हें वाक्य ऐकलें आणि बांकावरचें आमचें आसन सुटलें.

१९८९ सालची गोष्ट. आठवीचा वर्ग, शेवटचा तास, संस्कृत. मागल्या बांकावर एक मुलगा बसत असे. सकाळच्या तासांना हुशार, पाठांतर स्वच्छ, पण आमच्या तासास त्याच्या पापण्या खालीं येत. वाचावयास उभा केला तर ओळ गाळून पुढें जाई, शेवटीं शेवटीं आवाजहि नाकांतून येई. आम्हीं त्यास बांकावर उभें केलें. झोंपलेल्या सिंहाच्या तोंडांत हरणें आपण होऊन शिरत नाहींत, त्या सुभाषिताचा अर्थ त्याच्याकडूनच वदवून घेतला व वर्गास हंसावयास लावलें. एके दिवशीं तो म्हणाला, "सर, अक्षरें दोन दोन दिसतात." आम्हीं उत्तर दिलें, "मग मार्कहि दुप्पट मिळवीत जा." सारा वर्ग हंसला. आमच्या विनोदाची त्या काळीं शाळेंत ख्याति होती. मुलगा हंसला नाहीं. त्याचा चेहराच हलत नव्हता, आणि तो आम्हांस उद्धटपणा वाटला. दिवाळीनंतर तो शाळेंत आला नाहीं. घांस गिळतांना ठसका लागून श्वास कोंडला, मुंबईस रुग्णालयांत नेलें, असें कानांवर आलें. चौकशीस म्हणून आम्ही गेलों नाहीं. सहामाहीचे पेपर तपासावयाचे होते.

संकष्टीच्या रात्रीं "अगो, आज दोन कसे?" असें आम्हीं विचारलें तेव्हां सारें घर हंसलें होतें. त्या हंसण्याचें आम्हांस वाईट वाटलें नव्हतें. तें आपल्या माणसांचें होतें. पण त्या बांकावर बसल्या बसल्या एकोणीसशें एकोणनव्वदचें हंसणें आम्हांस पुनः ऐकूं आलें.

आंत गेल्यावर आम्हीं बाईंना आमच्या डोळ्याऐवजीं त्या मुलीच्या पापणीविषयींच विचारलें. दुसऱ्या रोग्याबद्दल त्या बोलल्या नाहींत, तें योग्यच केलें; पण रोगाची माहिती सांगितली, व कांहीं आम्हीं मागाहून वाचून काढली. या विकारास मायस्थेनिया ग्रेव्हिस म्हणतात. मज्जातंतु स्नायूस हुकूम देतो तो एका रसायनाच्या थेंबानें. स्नायूवर तो थेंब झेलणारीं लहान लहान ग्राहकें असतात. या रोगांत शरीराचें संरक्षक सैन्य चुकून त्या ग्राहकांवरच हल्ला करतें. सकाळीं विसाव्यानंतर हुकूम पोहोंचतात; दिवस वापरांत गेला कीं ते पडूं लागतात. पापणी व डोळे हे दिवसभर एक क्षण न थांबणारे चाकर, म्हणून पहिल्यांदा तेच थकतात. थंडीनें त्या रसायनाचा नाश मंदावतो. बर्फाची जादू ती एवढीच.

याच जागेवर मण्यार जातीच्या सापाचें विष आघात करतें. आमच्या कोंकणांत पावसाळ्यांत जमिनीवर निजलेल्या मनुष्यास रात्रीं मण्यार चावते, वेदना नाहीं, खूण नाहीं, आणि पहांटे पोटांत दुखून पापण्या मिटूं लागतात. घरचे म्हणतात, झोंप पुरी झाली नाहीं. अशा वेळीं झोंपूं देणें म्हणजे प्राण घालविणें. श्वास बंद पडण्यापूर्वीं त्यास रुग्णालयांत पोहोंचवावें. पण विषाचा उपयोगहि पाहा. तैवानाकडील मण्याराच्या विषांतील एक अंश त्या ग्राहकांना अचूक चिकटतो. त्याच्या साह्यानें अमेरिकन संशोधकांनीं १९७३ सालीं या रोग्यांच्या स्नायूंतील ग्राहकें मोजलीं व तीं फार कमी झालेलीं आढळलीं. तोंपर्यंत रोगाचें मूळ अंधारांतच होतें.

औषधाची कथा तर त्याहून विलक्षण. आफ्रिकेंत कलाबार म्हणून प्रदेश आहे. तेथें आरोपीस एका जंगली वालाचें बीं खावयास देऊन दिव्य करवीत. आमच्या याज्ञवल्क्यानें सांगितलेल्या पांच दिव्यांत विष आहेच, तेव्हां नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. एडिंबरोचे नेत्रवैद्य डग्लस आर्गाइल रॉबर्टसन यांनीं त्या बियांचा अर्क स्वतःच्या डोळ्यांत घालून पाहिला. धोतऱ्याच्या अगदीं उलट, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली. ही हकीकत त्यांनीं १८६३ सालीं प्रसिद्ध केली. पुढें १८६९ सालीं त्यांनीं आणखी एक बाहुली वर्णिली, जी जवळ पाहतांना आकसते पण उजेडास दाद देत नाहीं. उपदंश मज्जासंस्थेंत शिरल्याची ती खूण ठरली, आणि त्यांच्या नांवानें ती सर्व जगांत ओळखली जाते. या गृहस्थाचा आपल्याकडील संबंध फार थोड्यांस ठाऊक असेल. काठेवाडांतील गोंडळचे ठाकोरसाहेब भगवतसिंहजी एडिंबरोस वैद्यक शिकले, तेथील पदवीधर झाले. त्यांचा व रॉबर्टसन यांचा स्नेह जडला. १९०९ च्या जानेवारींत रॉबर्टसन गोंडळास पाहुणे म्हणून आले असतां तेथेंच वारले, व त्यांच्या चितेस अग्नि ठाकोरसाहेबांनीं दिला. पुढें १९३४ सालीं लंडनांत ग्रिनिच येथें मेरी वॉकर नांवाच्या डॉक्टरीणबाईंनीं त्याच कलाबारी वालाचें सत्त्व मायस्थेनियाच्या रोग्यास टोंचलें, आणि पडलेली पापणी वर आली. अंमल कांहीं तासांचाच. पण वाट सांपडली. आजच्या गोळ्या त्याच वंशांतल्या.

म्हणजे १९८९ सालीं, आमच्या वर्गांतला तो मुलगा बांकावर उभा होता तेव्हां, त्याचें औषध ठाऊक होऊन पंचावन्न वर्षें झालीं होतीं. आम्हांस ठाऊक नव्हतें हें खरें. परंतु तो "दोन दिसतात" असें म्हणाला तेव्हां एक डोळा मिटून पाहा असें सांगण्यास कोणत्याहि वैद्यकाची जरूर नव्हती.

आमची साखर बरीच वाढलेली निघाली. मेंदूचें चित्र निर्दोष आलें. उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून, गोड वर्ज्य करून, सकाळ संध्याकाळ वडाळे तळ्यापर्यंत फिरून आम्हीं दिवस काढले. असा मधुमेहाचा सहावा मज्जातंतु बहुधा तीन महिन्यांत आपण होऊन सुधारतो, असें बाईंनीं सांगितलें होतें. माघांतल्या संकष्टीस दोन्ही चंद्र एकमेकांस चिकटलेले दिसले, जोडकेळ्यासारखे. फाल्गुनांत एकच उगवला. बंधु म्हणाले, "दादा, दुसरा कोठें गेला?" या वेळीं आम्हीं अर्घ्य जरा अधिक मनापासून दिलें.

पट्टी सुटल्यावर आम्हीं जुन्या विद्यार्थ्यांकडे त्या मुलाची चौकशी केली. तो जिवंत होता. खोपोलीस एका कारखान्यांत हिशेबनीस होता. पत्ता मिळवून आम्हीं कार्ड टाकलें. चार ओळींचें कार्ड लिहावयास दोन दिवस लागले. संस्कृतांत क्षमेचे शब्द पुष्कळ आहेत, परंतु त्यांतला एकहि कार्डावर लिहिण्याजोगा वाटेना. शेवटीं एवढेंच लिहिलें कीं, तुला अक्षरें दोन दिसत होतीं तें खरें होतें. आम्हांसहि नुकतीं दिसून गेलीं.

वैशाखांत एका रविवारीं दुपारीं चारच्या सुमारास तो आला. केस पिकलेले, बांधा बारीक. मुंबईस छातीच्या हाडामागची थायमस नांवाची ग्रंथि काढली होती, पुढें अनेक वर्षें गोळ्या, त्या अजून चालूच. शाळा दोन वर्षें बुडाली. मग बाहेरून परीक्षा दिली. संस्कृत घेतलें नाहीं.

कुटुंबानें चहा आणला. त्यानें मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलें, खिशांतून डबी काढून अर्धी गोळी घेतली व थोड्या वेळानें मग चहा घेतला. त्याची डावी पापणी किंचित् उतरली होती. आम्हीं उठून पश्चिमेच्या खिडकीचा पडदा ओढला. बांकावर उभें केल्याचें आठवतें काय, असें आम्हीं विचारलें.

"आठवतें, सर," तो म्हणाला. "बांकाचें विशेष नाहीं, सगळेच उभे राहत. दुप्पट मार्कांचें आठवतें."

आम्हांस कांहीं बोलतां येईना. बशींत चहा सांडला होता तो कुटुंबानें पुसला. थोड्या वेळानें त्यानेंच विचारलें, "सर, चंद्र आतां किती दिसतात?"

"एकच," आम्ही म्हणालों.

"मला संध्याकाळच्या वेळीं कधीं कधीं अजून दोन," तो म्हणाला, आणि डबी खिशांत ठेवून त्यानें बशी पुढें केली. सूनबाईंनीं दुसरा चहा ओतला.